सारात भिजलेली भिंत

आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीतून जांभ्या चिऱ्याची, भोकाभोकांच्या दगडाची भिंत दिसते. बाकी काही नाही. यांना अर्धांगवायू झाल्यापासून यांची खाट तिथे, म्हणून माझी खुर्चीही तिथेच. यांच्या तोंडातून एकच शब्द फुटतो, "नको." मी फाटकापर्यंत गेले तरी आतून "नको, नको" सुरू. मग काय करणार, भिंतच काढत बसते. चित्रकला मला कोणी शिकवली नाही. नातवाची उरलेली वही आणि पेन्सिल, झालं. पण चिरा काही जमेना. सगळी भोकं सारखी, नीटनेटकी. दगड कसला, चाळण दिसायची.

एका दुपारी शेजारीण म्हणाली, "जा गो वैनी, भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊन ये. तासभर मी बसते भावोजींजवळ."

समुद्र जवळच, आणि मी कधीपासून पाहिलेला नाही. समुद्र काढायचा म्हणून वहीत एक पान कोरं ठेवलं होतं. साडी बदलली. यांना आमसुलाचं सार भरवलं की निघायचं. पण यांनी साडी बघितली, ओळखलं, आणि चांगल्या हाताने वाटीच उडवली. साडीवर सार, खाटेवर उघड्या पडलेल्या वहीवर सार.

"अहो भावोजी, या वयात कुठे पळून जात्येय ती!" शेजारीण हसली. हे हसले नाहीत. माझं मनगट धरून बसले.

"राहू दे गो," मी म्हटलं. राग आला होता यांचा, खोटं कशाला सांगू?

वही पंख्याखाली धरली. वाळली तर काय, भिंतीवर तांबूस डाग पसरलेला, मध्ये फुटलेला, कडेला गडद. चिरा पावसात भिजून सुकतो ना, तसाच! कागदाला प्रथमच वजन आलं. लेकीला फोनवर फोटो पाठवला तर म्हणते, "आई, हे कसं गं केलंस?"

"मी नाही, तुझ्या बाबांनी."

दुसऱ्या दिवशी मीच चमच्याने सार शिंपडून पाहिलं. हात घाबरत होता, कुठे पडावं ते आधीच ठरवत होता. डाग पडले, भिंत काही झाली नाही.

आता जेवणाच्या वेळी भिंतीची पानं खाटेवरच उघडी ठेवते. उडवा काय उडवायचं ते. समुद्राचं कोरं पान मात्र वहीतून काढून कपाटात, साडीखाली ठेवलंय. त्याच्यावर कोणाचं काही सांडलेलं मला नको आहे.