बिराजदार सरांची गळकी फटफटी

काही माणसांचे किस्से आठवावे लागतात. बिराजदार सरांचे किस्से त्यांच्या फटफटीखालच्या पेट्रोलसारखे आपोआप साचायचे. आमच्या जुन्या स्टाफरूममधली मंडळी आजही भेटली की कुणीतरी नुसतं नाक वर करून हुंगल्यासारखं करतं, आणि मग तासभर दुसरा विषय निघत नाही.

सर आमच्या सोलापूरच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. फटफटी त्यांच्या वडिलांची. वडील गुरांचे डॉक्टर, अक्कलकोटच्या बाजूची खेडी त्यांनी तिच्यावर पालथी घातलेली. ते गेले आणि गाडी सरांकडे आली, गळतीसकट. त्यात पेट्रोलचे भाव नुकतेच भडकलेले. "ही चालताना कमी पिते, उभी असली की जास्त," असं सर स्वतःच सांगायचे. पण गाडी विकायचं नाव काढलं की त्यांचा चेहरा पडायचा. वडिलांची म्हणून तेवढीच एक वस्तू घरात राहिली होती.

* * *

आमचे हेडसर विडीबहाद्दर. एकदा सर उशिरा आले, तर हेडसरांनी त्यांना लिंबाखाली गाडीजवळच गाठलं आणि विडी ओढत झापायला सुरुवात केली. सर हात जोडून मागे मागे सरकायला लागले. हेडसरांना वाटलं, माणूस वरमला. ते आणखी पुढे सरकले. बोलणं संपवून ते विडी खाली टाकणार, तेवढ्यात सर ओरडले, "सर, माझी रजा कापा, पण ती विडी हितं टाकू नका!"

हेडसरांनी खाली पाहिलं. बुटाखालची माती ओली होती. मग ती विडी हातात आडवी धरून ते पार फाटकाबाहेर गेले, आणि त्या दिवसापासून सरांच्या गाडीची जागा मैदानाच्या टोकाला, गोलपोस्टामागे झाली.

* * *

खरा प्रश्न शाळेतला नव्हता, घरातला होता. गाडी दारात उभी राहायची आणि तिथंच वहिनींची रांगोळी असायची. वहिनींचा हात असा की गल्लीतल्या बायका ठिपके मोजायला यायच्या. पण पाणी भरून त्या परत येईपर्यंत रांगोळीच्या मधोमध पेट्रोलचा डाग पडलेला. रोज.

शेवटी वहिनींनी आमच्यादेखत निकाल दिला. "दिवाळीच्या पाडव्याला दारात एक तर माझी रांगोळी ऱ्हाईल, न्हाय तर तुमची गाडी. टेंभुर्णीचं गिऱ्हाईक मी ठरवून ठेवलंय. पाडव्याच्या सकाळी येणार हाय."

सर त्या दिवशी जेवले नाहीत म्हणे.

* * *

मग आमचे सायन्सचे शेख सर मैदानात उतरले. मला म्हणाले, "गळती म्हणजे काय, माने? एक भोक. भोक म्हणजे काय? बुजवायचं." त्यांनी कार्बोरेटरच्या सांध्यावर कपड्याचा साबण घासून घासून भरला. आणि खरंच, थेंब थांबला. शेख सर आठवडाभर कॉलर ताठ करून फिरत होते.

खंडेनवमीला पूजेआधी सरांनी गाडीवर बादलीभर पाणी ओतलं. इंजिनाला फेस आला. तो काही केल्या संपेना. सगळी गल्ली बघायला जमली. वहिनी दारातूनच म्हणाल्या, "आता चादरी बी ह्येच्यावरच धुवा की."

* * *

साबण निघून गेला तसं शेख सरांनी कार्बोरेटर उघडायचं ठरवलं. त्यात एक पोकळ पितळी डबी तरंगत असते. पेट्रोल भरलं की ती वर येते आणि पेट्रोलची वाट बंद करते. शेख सरांनी ती कानाशी हलवली, तर आतून डुबुक डुबुक. म्हणजे डबीलाच भोक. ते शोधायला गरम पाणी पाहिजे, आणि गरम पाणी स्टाफरूमात एकाच भांड्यात असायचं. चहाच्या.

डबी बुडवली, बारीक बुडबुडे आले, भोक सापडलं. आम्हाला इतका आनंद झाला की ते भांडं तसंच स्टोव्हवर राहिलं. मधल्या सुट्टीत हेडसरांनी त्याच पाण्यात झालेल्या चहाचा घोट घेतला. "पत्ती बदलली का रे? घशाला लागते चांगली." असं म्हणून ते विडीसाठी खिसा चाचपायला लागले. आम्ही तिघंही तास आहे म्हणून उठलो. माझा तास नव्हता.

ते भोक सरांनी कल्हईवाल्याकडून बुजवून घेतलं. त्यानं इतक्या मायेनं कथील लावलं की डबी तरंगायचीच बंद झाली. शेवटी पुण्याहून नवी डबी मागवली, सांधेही नवे घातले. कार्बोरेटरवर एक पितळी गुंडी असते, थंड गाडी चालू करताना दाबायची. ती दाबली की पेट्रोल वर चढतं. पण सोलापूरच्या उन्हात ती लागते कुणाला? तिच्यावर सारखा पांढरा थर बसायचा. "गिरणीची रुई उडून बसते," म्हणत शेख सर तेवढा पुसून काढायचे.

* * *

आता गाडी शाळेत दिवसभर कोरडी. घरी रात्री कोरडी. आणि सकाळी रांगोळीत डाग. दिवाळी लागली तरी तेच.

पाडव्याला सर, शेख सर आणि मी पहाटेच समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. उजाडता उजाडता वहिनींनी मोठी रांगोळी काढली आणि त्या आत गेल्या. गाडी कोरडी. मग सरांच्या आई, अव्वा, बाहेर आल्या. त्यांना कमी दिसायचं. भिंत धरत गाडीपाशी आल्या, चाचपून ती गुंडी शोधली, विभूती लावली, आणि अंगठा तिथंच दाबून धरून डोळे मिटले. बराच वेळ.

वर चढलेलं पेट्रोल सांडून खाली टप टप सुरू झालं. पेट्रोलची तोटी उघडीच होती. सर ती कधीच बंद करत नसत.

शेख सर हळूच म्हणाले, "या अल्ला. रुई."

आम्ही धावत गेलो. वहिनीही बाहेर आल्या, त्यांनी आधी डाग पाहिला, मग सासूचा अंगठा.

"अव्वा," सर म्हणाले, "विभूती लावायला एवढी मोठी टाकी हाय की. हितंच का?"

अव्वांनी अंगठा पदराला पुसला. "तुजे वडील रोज सकाळी आदी तितंच बोट लावायचे. मग गाडीवर बसायचे. मी दारातनं बघायची न्हवं."

सर गाडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उगाचच चाक बघायला लागले.

वहिनींनी रांगोळीचा डबा उचलला आणि पायरीच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसल्या. पहिला ठिपका ठेवता ठेवता म्हणाल्या, "अहो, टेंभुर्णीचा पाहुणा आला की त्याला फराळाचं द्या आणि लावून द्या परत."