नेमूच्या वहीतली रिकामी जागा

हुपरीहून फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. दुकानात डाग देताना, म्हणजे चांदीचे सांधे जोडताना गॅसचा सिलिंडर फुटला, नेमगोंडा जागीच गेला. मी फोन भिंतीवर आपटला. दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं आणि आता हा कायमचाच गप्प झाला... आधी संताप आला, रडू नंतर.

नेमगोंडा म्हणजे आमचा नेमू, माझा वर्गमित्र, चांदीचे पैंजण घडवणारा. जैन माणूस, मुंगीलाही वाट देणारा; पण तापला की हातात येईल ते भिरकावणारा. मी विज्ञानाचा मास्तर. एकदा बोलून गेलो, की दूरच्या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह गेला की ताऱ्याचा उजेड कणभर घटतो. असेच परके ग्रह सापडतात, एखादा पृथ्वीसारखाही असेल. झालं! दिवस मावळायच्या आत जेवून गडी दुर्बीण-कॅमेरा घेऊन गच्चीवर. एका हिवाळ्यात त्याने निवडलेल्या ताऱ्याचा उजेड दर आठवड्याला एकदा घटू लागला. "मास्तर, तितं बी कोणतरी असंल की!" म्हणत त्याने गल्लीभर पेढे वाटले.

मी फोटो तपासले. आजूबाजूचे तारेही त्याच रात्री तसेच मंदावले होते. ते त्याने बघितलेच नव्हते. शेजाऱ्याची चांदी गाळायची भट्टी आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी रात्री पेटायची आणि धूर याच्या गच्चीवरून जायचा. हे मी त्याच्या कारागिरांसमोर सांगितलं, तेही हसत. "नेमू, तुझा ग्रह शेजारच्या भट्टीत शिजतोय."

त्याने हातोडा घेतला आणि दुर्बिणीचा आरसा फोडला. आवरायला गेलो तर माझ्या कानफटात बसली. मीही त्याला कॉलर धरून भिंतीवर आदळलं. त्याचा ओठ फुटला. "हसलास मला? चारचौघांत हसलास?" तो ओरडत होता. "भाईर हो!" चूक दाखवल्याचा राग नव्हता त्याला, हसल्याचा होता. तिथेच कळलं होतं मला. तरी माफी मागितली नाही. मास्तरकीची मस्ती, दुसरं काय!

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावून एक जाड वही हातात दिली. "भावजी, दुसऱ्याच महिन्यात नवी दुर्बीण आणलीती त्यांनी. तुमास्नी सांगायचं न्हाय म्हणालते."

वहीत दोन वर्षांच्या नोंदी. भट्टीचे दिवस लाल शाईने खोडलेले, प्रत्येक नोंदीत शेजारच्या दोन ताऱ्यांचा उजेडही मोजलेला. ग्रह कुठेच नाही. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी, शाळेच्या वहीसारखं, 'मास्तरनी तपासलं', पुढे सहीला जागा.

आता रोज एक पान तपासतो. चूक सापडली की त्याला मोठ्याने शिवी हासडतो. सही मात्र अजून एकाही पानावर झालेली नाही.