सुमनताईंचा कूलर

१८ मे. कूलरच्या बाजूच्या जाळीदार ताट्यांतलं गवत बदलायचं होतं. माझ्या घरच्या नव्हे, सुमनताईंच्या खोलीतल्या. ताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना जाऊन महिना झाला. त्या खोलीत आता भाऊजी एकटेच असतात. नागपूरच्या मे महिन्यात दुःख करायलाही कूलर लागतो, म्हणून मी आणि पुतणी संगीता जुनं गवत उपसायला बसलो.

याच कूलरवरून माझ्या मनात ताईंविषयी अढी होती. जरीपटक्यातल्या माझ्या घराहून उन्हात त्यांच्याकडे पोचावं, खुर्चीत टेकावं, की ताई उठून कूलर बंद करायच्या. मी निघाले, की फाटकापर्यंत त्याची घरघर पुन्हा ऐकू यायची. म्हणजे स्वतःला हवा आणि मला घाम... बाई कंजूस आहे, हे मी लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ठरवून टाकलं. पुढे सगळं त्यातच बसत गेलं. ताईंनी जुनं पातळ नेसलं, तर कंजूस. पिशवीभर आंबे दिले, तर सडायला आले असतील.

"बोल ना वं, काहून चूप बसली?" त्या विचारायच्या.

"तुमचं बिल वाचवून राहिली, ताई. आधी कूलर लावा."

त्या हसायच्या. "बिलाले आग लागो माय. तू बोल." आणि खुर्ची माझ्याजवळ ओढायच्या. मी पदरानं वारा घेत मुद्दाम गप्प राहायची.

गवत उपसता उपसता हे मी संगीताला चेष्टेनं सांगितलं. तिचा हात थांबला.

"काकू, आईले ऐकू कमी येत होतं. कूलर सुरू असला का बोललेलं समजेच नाही. कोणाले सांगू नको म्हणे... बहिरी म्हणतीन."

ऑफिसात मी एका बाजूचं ऐकून कुठल्याच कागदावर सही करत नाही. इथे ताई तोंडावर 'तू बोल' म्हणत होत्या, खुर्ची जवळ ओढत होत्या, आणि मी ते जमेतच धरलं नाही. माझं बोलणं ऐकू यावं म्हणून ती बाई भर उन्हाळ्यात घामाघूम बसली. आणि मी तिच्याशी बोललेच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींचा डबा घेऊन गेले. नव्या गवताचा कूलर जोरात सुरू होता. मी तो बंद केला आणि खुर्ची जवळ ओढली.

"काहून, बिघडला का?" भाऊजींनी विचारलं.

"नाही भाऊजी. बोलाले आली."

काय बोलावं ते सुचेना. शेवटी डब्यात भाजी कशाची आहे, तेवढं सांगितलं.