माझ्या सायकलच्या चार पायऱ्या

मला सायकल चालवता येत नाही. तिची योजना मात्र तोंडपाठ आहे!

माझे बाबा सचिवालयात हेडक्लार्क. त्या काळी मध्यभारताची राजधानी उन्हाळ्यात इंदूरला असे आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला. पेट्या भरभरून दफ्तर निघायचं, त्यामागून बाबा. माझ्या शाळेपायी आई आणि मी इंदुरातच. मी नऊ वर्षांची असताना, निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं.

"नुसतं 'पाहिजे, पाहिजे' करून काही होत नसतं, बेटा. ध्येय लिही, पायऱ्या पाड. और सुनो, मंजुरीशिवाय एकही पायरी चढायची नाही!"

मी लिहिलं : ध्येय, सायकल शिकणे. पायरी पहिली, बाबांनी मागून सीट धरणे. (खरं ध्येय एवढंच होतं. सायकलशी मला काही देणंघेणं नव्हतं.)

बाबांनी लाल पेन्सिलीने शेरा मारला, 'वेळ? जागा? दुरुस्त करून सादर करावे.' मी दुरुस्त करेपर्यंत बाबा ग्वाल्हेरला!

मग कागद टपालाने फिरू लागला. मी जागा लिहिली, पोलोग्राउंडचा रस्ता. उत्तर आलं, 'तिकडे कारखान्यांचे ट्रक असतात. पर्याय सुचवावा.' मी आमचं अंगण सुचवलं. 'पडल्यास काय व्यवस्था?' मी हळद लिहिली. त्यांचं अक्षर दिसलं की बाबा घरातच आहेत असं वाटायचं. फार आठवण यायची हो! म्हणून पुढे पुढे मी मुद्दाम चुका ठेवू लागले.

उन्हाळ्यात बाबा आले ते 'मंजूर' लिहिलेला कागद खिशात घेऊनच. मला त्यांच्या उंच सायकलच्या सीटवर बसवलं. आणि तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं, सहा महिन्यांच्या पत्रव्यवहारात एक गोष्ट राहून गेली होती. माझे पाय पेडलपर्यंत पोचतच नव्हते!

"काही हरकत नाही," बाबा म्हणाले, "मंजुरी झालीये." आणि ढकलायला लागले.

"अहो, तिकडे माझे पापड वाळतायत!" आई ओरडली.

"पायरी चौथी आली," मागून बाबा धापा टाकत म्हणाले. "बाबांनी सीट सोडणे. सोडू क्या?"

"नको! त्यात दुरुस्ती आहे!" असं म्हणत मी मागे वळून पाहिलं, ते खरंच आहेत ना म्हणून.

हँडलही वळलं. आईच्या दोनशे पापडांवर आधी मी, मग सायकल आणि शेवटी बाबा. (त्यांनी सीट सोडलीच नव्हती.)

"ही तुमची योजना?" आईने कमरेवर हात ठेवून विचारलं.

"हळद आण," बाबा म्हणाले. "व्यवस्थेत लिहिलीये."

तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. पाय केव्हाच पुरायला लागले, बाबा जाऊनही बरीच वर्षं झाली. चौथ्या पायरीला मात्र मी अजून मंजुरी दिलेली नाही!