अण्णांचा ओके

पक्षाघातानंतर अकराव्या दिवशी अण्णा, म्हणजे माझे वडील, बोलले. शब्द होता ‘ओके’. कुवेंपुनगरच्या आमच्या घरात होकाराला मराठी ‘बरं’ होतं, कानडी ‘सरी’ होतं. ओके त्यांनी नोकरीत वापरला, तोही फक्त साहेबांच्या फोनवर. मेंदूने नेमका तोच का राखला, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. दुसरा शब्द पुढे आलाच नाही.

पाणी हवं, ओके. उशी टोचते, ओके. अंथरूण ओलं झालं, ओके. बायको म्हणाली, “जन्मात तुमच्या एका गोष्टीला मामंजी हो म्हणाले नाहीत. आता मागून घ्या काय ते!” मी हसलो. तेही अर्ध्या तोंडाने हसले.

मी एक वही सुरू केली. शब्द कधी आला, सूर कसा होता, शेवटी त्यांना काय हवं निघालं. तीन आठवड्यांत दोनशे चौदा नोंदी झाल्या. लांबवलेला ओके म्हणजे दुखतंय, हे बहुधा बरोबर यायचं. होकार आणि नकार मात्र शेवटपर्यंत वेगळे करता आले नाहीत. दोन्ही एकाच सुरात यायचे.

मग गिळणं थांबलं. इस्पितळात डॉक्टरांनी वाकून कानडीत विचारलं, “नाकातून नळी घालू या ना?”

“ओके.”

“झालं. सही करा.”

“सर, हा नकारही असू शकतो,” मी म्हणालो.

“मग तुम्ही सांगा. घालायची की नाही? अन्न थांबून दोन दिवस झालेत.”

बायको कुजबुजली, “अहो, मराठीत विचारा ना एकदा.”

मी त्यांचा चांगला हात हातात घेतला. “अण्णा, नळी नको असेल तर माझा हात दाबा.”

त्यांनी दाबला. पण तो हात चादर दिली तरी दाबायचा, चमचा दिला तरी दाबायचा. मी थांबलो. ते माझ्याकडे बघत होते. त्यांना काही सांगायचं होतं, एवढं नक्की. मी सही केली.

संध्याकाळी त्यांनी नळी ओढून काढली. नर्सने ती परत घातली आणि तो चांगला हात पट्टीने खाटेला बांधला. बांधताना ती म्हणाली, “थोडेच दिवस हं, अज्जा.” अण्णा ओके म्हणाले. तिला बरं वाटलं. “शहाणे आहेत हो तुमचे वडील,” ती मला म्हणाली.

ते आणखी एकोणीस दिवस जगले. हात बांधलेलाच होता.