दाजींचा चिंचोक्यांचा ढीग

चिंच फोडताना चिंचोके हाताला लागले, की बहिणीच्या घरची दिवाळीतली पोकरची स्पर्धा आठवते. नाण्यांऐवजी चिंचोके, शेवटी उरेल त्याला सगळे मिळून गोव्याच्या मोठ्या स्पर्धेला पाठवणार होते. मी आणि दाजी, दोघंच उरलो होतो. दाजींनी सगळा ढीग पुढं सरकवला. आता मीही सगळे लावायचे, नाहीतर डाव सोडायचा. माझ्याकडं दोन राण्या होत्या. "पावणं, माझ्याकडं काय न्हाय. या की," दाजी म्हणाले. ते कधी खोटं बोलत नाहीत. पण पत्त्यांत खरं कोण बोलतं? चहावर साय धरली तरी मला ठरवता येईना. शेवटी पानं टाकून डाव सोडला. त्यांनी आपली न दाखवताच कॅटात मिसळली. पुढच्या डावांत माझे उरलेले चिंचोकेही संपले आणि गोव्याला तेच गेले. काल दवाखान्यातून तपासून आल्यावर दाजी म्हणाले, "मला काय झालं न्हाय," आणि मी पुन्हा तसाच त्यांच्या तोंडाकडं बघत बसलो.