फळीतलं भोक

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी प्रणिता वाघमारे वल्लरीच्या चित्राची फळी रेडिएटरवर टेकवून मेण मऊ करत होती. अशी लोकरीची चित्रं मुळात करणारे मेक्सिकोतले विचोल आदिवासी फळी उन्हात ठेवतात. नेदरलँड्समधल्या लायडनला फेब्रुवारीत ऊन कुठलं? मेणात लोकरीचा एकेक धागा नखाने दाबायचा, शेजारच्या धाग्याला खेटून. प्रयोगशाळेत घडलेला तिचा हात यात कधी चुकत नसे.

लॉकडाऊनमध्ये या चित्रांचा झूमवरचा वर्ग तिनेच शोधला होता. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, पीएचडी करणाऱ्या वल्लरीला तिनेच ओढून आणलं. आणि बंद वाचनालयाच्या दर्शनी काचेत लावायला एकच चित्र हवं होतं, तेव्हा मेक्सिकोहून शिकवणाऱ्या बाईंनी निवडलं ते वल्लरीचं.

गोल फळीला मधोमध भोक पाडलेलंच असतं. त्यातून देव आपल्याला बघतात आणि आपण देवांना, असं विचोल मानतात. प्रणिताने ते मेणाने बुजवून वर लाल फूल केलं होतं. रिकामी जागा तिला नापास नमुन्यासारखी वाटली. वल्लरीचं उघडं होतं. ‘हिला उमगलं,’ बाई म्हणाल्या होत्या.

काय उमगलं ते प्रणिताला ठाऊक होतं. वल्लरीलाही फूलच करायचं होतं. ती लाल लोकर मागायला आली, तेव्हा प्रणिताने संपली म्हणून सांगितलं. खणात अख्खा गुंडा होता.

वल्लरीला परवा कोरोना निघाला. तिने चित्र दाराबाहेर ठेवलं आणि वाचनालयात पोचवायला प्रणितालाच सांगितलं. आता मेण मऊ झालं होतं, लाल धागा बोटावर होता. भोक बुजलं की दोघी सारख्याच.

फोन वाजला. वल्लरी खोकत होती.

“ताई, बाईंना मी मेल केली. म्हटलं, मला काही उमगलं वगैरे नव्हतं, लोकर मिळाली नाही म्हणून भोक राहिलं.”

“मग?”

“म्हणाल्या, राहिलंय तर राहू दे. ताई, तुझीही लाल लोकर संपली होती ना गं?”

“हो,” प्रणिता म्हणाली.

तिने धागा बोटावरून उतरवला. मत्सर तसूभरही उतरला नाही. उलट हिला खरं बोलणंही जमतं, याची त्यात भर पडली. फळी गार झाल्यावर तिने ती वर्तमानपत्रात गुंडाळली. वाचनालय बंद असलं तरी त्याचा पुस्तकं देण्याचा काउंटर सोमवारी दहाला उघडतो, आणि सायन्स पार्कवरच्या प्रयोगशाळेतली तिची पाळी अकराला सुरू होते.